आईचं ‘आधी’, माझं ‘नंतर’

आमच्या सौंसरच्या घरात आरसा एकच होता आणि तो बाबांचा होता. ओसरीत, खिडकीच्या बाजूला, बाबांच्या उंचीला ठोकलेला. आईला त्यात स्वतःचा भांग तेवढा दिसायचा, त्यामुळे ती कुंकू अंदाजानेच लावायची आणि ते बरोबर मध्यभागी लागायचं. बाबा मात्र त्या आरशापुढे रोज सकाळी अर्धा तास उभे राहत. दाढी, मग तुरटी, मग व्हॅनिशिंग क्रीमचे चार ठिपके, मग पावडर. एवढं सगळं करून ते एका सरकारी कचेरीत जायचे आणि पंख्याखाली बसून फायलींना दोऱ्या बांधायचे. चव्वेचाळीस वर्षांच्या त्या चेहऱ्यावर एक रेघ नव्हती. विचार करूनही माणसाच्या कपाळाला आठ्या पडतात म्हणे, पण बाबांनी तीही जोखीम कधी घेतली नाही.

आई अडतीस वर्षांची होती. बोरगावच्या बाजूला आमचा संत्र्याचा बगीचा होता, बाबांच्या वडिलांनी लावलेला. बगीचा कोणाचा असं विचारलं की बाबा छाती पुढे काढून ‘आपलाच’ म्हणायचे. झाडांना पाणी कधी सोडायचं, कोणत्या झाडाला डिंक्या लागला, तोडायला बाया किती लावायच्या हे मात्र आईला विचारावं लागायचं. सकाळी भाकरी थापून, वांग्याची भाजी डब्यात भरून ती पहिल्या बसने जायची आणि पाचला परत यायची. दिवसभर उन्हात उभं राहून मोठी संत्री एकीकडे, बारीक एकीकडे, डागी तिसरीकडे. डोळे बारीक करून फळ पाहायची सवय तिच्या डोळ्यांच्या कडांना पंख्यासारखी उमटली होती. थंडीत गालांची साल निघायची, ओठांच्या कोपऱ्यात चिरा पडायच्या. तिला त्याचं काही नव्हतं. निदान त्या लग्नापर्यंत तरी मला तसंच वाटत होतं.

लग्न पांढुर्ण्याला होतं, बाबांच्या कचेरीतल्या कोणाच्या तरी मुलीचं. मांडवात एक म्हातारे गृहस्थ बाबांजवळ आले, त्यांचे दोन्ही हात हातात घेतले आणि आईकडे पाहून म्हणाले, “आईलेही घेऊन आले काय? लई चांगलं केलं. म्हाताऱ्या मानसाले तेवढाच हवापालट.” मी तेव्हा सोळा वर्षांची. बाबा आता काय म्हणतात म्हणून मी पाहत राहिले. बाबा हसले. ‘ही माझी बायको’ एवढे तीन शब्द बोलायला त्यांना कोणी बंदी केली नव्हती, पण ते हसले, आणि म्हाताऱ्याच्या पाठीवर थाप मारून जेवायला गेले. घरी आल्यावर तोच किस्सा त्यांनी शेजाऱ्यांना सांगितला, दुसऱ्या दिवशी कचेरीत सांगितला, आणि आठवडाभर जो कोणी येईल त्याला सांगितला. दर वेळी म्हातारा थोडा जास्त आंधळा व्हायचा आणि बाबा थोडे जास्त तरुण. आई प्रत्येक वेळी चहा घेऊन बाहेर यायची, कप ठेवायची आणि आत जायची.

आमच्या शेजारच्या सिंधूमावशींना असल्या दुःखांचं भारी अप्रूप होतं. त्यांनी लगेच इलाज सांगितला. “घरी संत्र्याचा बगीचा आन् चेहऱ्याचे असे हाल! सालं वाळव, दळ, लिंबू पिळ आन् लाव. पंधरा दिवसांत तू म्हनशील तशी होशील.” सालं वाळली, पाट्यावर वाटली गेली. त्या पाट्यावर मग आमची जवसाची चटणी वाटली जायची, आणि चटणीला, सोल्याच्या भाजीला, पार ताकालाही संत्र्याच्या सालीचा कडवट वास येऊ लागला. बाबा ताट पुढे सरकवून म्हणायचे, “हे खायाचं हाय की लावाचं?” फाटक्या कातडीवर लिंबू आणि साल बसल्यावर जे व्हायचं ते झालं. चौथ्या दिवशी आईचा चेहरा असा लाल झाला की बगीच्यातल्या बाया ‘गांधीलमाशा चावल्या काय’ म्हणून विचारू लागल्या. ती ओल्या फडक्याने गाल टिपत माजघरात बसून राहिली. मी शेजारी बसून वारा घालत होते आणि मनातून थोडी वैतागलेली होते, हेही आता सांगून टाकते. मला वाटत होतं, आईने या वयात असलं काही करू नये. ‘या वयात’ म्हणजे अडतिसाव्या वर्षी! माझी सून आज एक्केचाळीसची आहे आणि तिच्या कपाटात अकरा बाटल्या आहेत.

सिंधूमावशी हार मानणाऱ्या नव्हत्या. पांढुर्ण्याला एका कापडाच्या दुकानाच्या वर दर गुरुवारी नागपूरहून एक शोभनामॅडम गाडीने येत. त्यांचं ‘केंद्र’ होतं. एक झुकणारी खुर्ची, एक बाक, भिंतीवर काश्मिरी बाईचं चित्र असलेलं कॅलेंडर आणि ‘नितळधारा’ नावाच्या बाटल्यांची उतरंड. सिंधूमावशी आम्हा दोघींना तिथे घेऊन गेल्या. मॅडम शुद्ध बोलायच्या, इतकं शुद्ध की आमच्याकडच्या बाया अर्ध्या गोष्टींना नुसतं ‘हाव’ म्हणायच्या. “त्वचा तहानलेली असते, ताई. तिला मारायचं नसतं, पाजायचं असतं. लिंबू, सोडा, हे सगळं हिंसक. आमचं सगळं सौम्य, सगळं वनस्पतींचं.” मग त्यांनी आईची हनुवटी धरून चेहरा खिडकीच्या उजेडाकडे वळवला आणि आनंदाने जवळजवळ ओरडल्याच, “मला अगदी असाच चेहरा हवा होता!”

आईला वाटलं, कौतुक चाललंय. तिने पदर सावरला.

मॅडमना काय हवं होतं ते नंतर कळलं. महिनाभर बाटल्या फुकट, बदल्यात आधी एक फोटो आणि महिन्याने एक फोटो. आई आधी नको म्हणाली, मग माझ्याकडे पाहिलं, मग हो म्हणाली. आम्ही खाली रस्त्यापलीकडच्या स्टुडिओत गेलो. मॅडमनी स्वतःची एक नक्षीदार शाल आईच्या खांद्यावर घातली. आईचा फोटो झाल्यावर त्या मला म्हणाल्या, “तूही बस ना. आठवण म्हणून. शाल घे, छान दिसेल.” मी बसले. कपाळावरची टिकली आईसारखी मोठी करायला लावली तेव्हाही मला काही वाटलं नाही. मला फुकट फोटो निघतोय याचाच हर्ष झाला होता.

तो महिना मात्र चांगला गेला. आई पाचला यायची, हातपाय धुवायची, आणि मी तिला ओसरीत पाटावर बसवून तोंडाला नितळधारा लावायची. बाटलीतलं पाणी पातळ नव्हतं, बुळबुळीत होतं, बोटांतून तार निघायची. आई डोळे मिटून बसायची आणि बगीच्यात काय झालं ते सांगायची. कोणत्या बाईचं कोणाशी भांडण झालं, टेम्पोवाल्याने कसा खाडा केला, माकडांनी कोणतं झाड ओरबाडलं. मधूनच म्हणायची, “थंड वाटून राहिलं, बेबी. अजून थोडं लाव.” तिसऱ्या-चौथ्या दिवशी आग थांबली. आठवड्याने साल निघायची थांबली. पंधरा दिवसांनी ओठांच्या कोपऱ्यातल्या चिरा भरल्या आणि ती तोंड उघडून हसू लागली. एकदा तिने बोटाला लागलेलं पाणी नाकाशी नेलं, अंगठ्यावर चोळलं आणि म्हणाली, “हे तं जवस होय व. उकळलेलं जवस आन् कोरफड. वरून गुलाबपानी घातलं की झालं.” कोरफड आमच्या कुंपणाला होती आणि जवसाचा डबा चुलीच्या मागे. सुनेच्या अकरा बाटल्यांपैकी एकीवर काय लिहिलंय ते मी परवा चष्मा लावून वाचलं. नाव उच्चारताना जीभ मुरडली, पण अर्थ एवढाच की हे कातडीत पाणी धरून ठेवतं. म्हणजे आमच्या आईने अंगठ्यावर चोळून ओळखलं तेच.

सुरकुत्या मात्र गेल्या नाहीत. डोळ्यांच्या कडांचे बारीक कोरडे दोरे थोडे विरले, एवढंच. बाकी पंखा होता तसाच. महिन्याने मॅडमनी भिंग घेऊन तिचा चेहरा तपासला आणि नाराजीने भिंग खाली ठेवलं, जणू आईने अभ्यास केला नव्हता. “तुमची त्वचा फारच हट्टी आहे, ताई,” त्या म्हणाल्या. दुसरा फोटो काढलाच नाही. पुढच्या वेळी बघू, म्हणाल्या.

संक्रांत होऊन गेली. दुसरा तोडा, म्हणजे संत्र्यांची तोडणी, अजून सुरू व्हायचा होता, त्यामुळे आई घरी होती आणि माझी शाळा सकाळची होती. अशा एका दुपारी बाबा कचेरीतून जेवायला आले ते हातात एक गुलाबी कागद घेऊन. त्यांनी तो आईने वाढलेल्या ताटात, थेट भाकरीवर टाकला. “वाच.” आईला छापील वाचायला वेळ लागायचा, म्हणून मी वाकून पाहिलं. वर मोठ्या अक्षरात ‘नितळधारा’. खाली दोन फोटो शेजारी शेजारी, त्याच शालीतले. डावीकडे आई, खाली ‘आधी’. उजवीकडे मी, खाली ‘नंतर! अवघ्या तीस दिवसांत!’ छापखान्याच्या शाईने आईच्या सुरकुत्या नांगरटीसारख्या खोल झाल्या होत्या आणि माझं नाक अर्धं पुसलं गेलं होतं, त्यामुळे आम्ही खरंच एकच बाई वाटत होतो.

“अख्ख्या बाजारात वाटून राहिले,” बाबा ओरडले. “पानठेल्यावर चिकटवलं हाय. साहेबानं मले विचारलं, तुमच्या पोरीचा फोटो इथं कसा म्हनून. उद्या हिले पाहाले कोन येईल? लगनाच्या पोरीचा फोटो पानठेल्यावर!”

आईने कागद भाकरीवरून उचलून पुसला. “आन् माहा?” तिने विचारलं.

“काय तुहा?”

“माहा बी फोटो हाय ना त्याच्यात.”

“तुह्या फोटोले कोन पाह्यते?” बाबा म्हणाले. त्यांना हे दुष्टपणाने म्हणायचं नव्हतं, आणि म्हणूनच ते जास्त लागलं असावं. त्यांनी ते भाव सांगावा तसं सांगितलं. मग दुसरी भाकरी मागितली, आणि आईने ती वाढली.

आता माझा गुन्हा. बाबा कचेरीत परत गेले, आई विहिरीवर गेली, आणि मी तो गुलाबी कागद घेऊन आरशापुढे उभी राहिले. मला राग आला नव्हता. मी छापून आले होते. साऱ्या पांढुर्ण्या-सौंसरला मी ‘नंतर’ म्हणून माहीत झाले होते, म्हणजे सुंदर म्हणून. मी कात्री आणली, कागद मधोमध कापला, माझा अर्धा इतिहासाच्या पुस्तकात ठेवला आणि आईचा अर्धा चुरगाळून चुलीजवळ टाकला. जाळायचंही माझ्या लक्षात राहिलं नाही. संध्याकाळी चूल पेटवताना आईच्या हाताला तो लागला असणार.  जेवताना ती फक्त म्हणाली, “उद्या गुरुवार हाय. शाळेत नको जाऊ. पांढुर्ण्याले जाऊ.”

बसमध्ये ती बगीच्याचं एक रिकामं पोतं मांडीवर घेऊन बसली होती. मला वाटलं, आता तमाशा होणार; आईचा आवाज बगीच्यात दोन शेतं पलीकडे जायचा. केंद्रात बाकावर पाच-सहा बाया बसल्या होत्या, सगळ्यांच्या हातात गुलाबी कागद. मॅडम खुर्चीवरच्या बाईच्या गालाला काहीतरी थोपटत होत्या. आईला पाहून त्यांचा हात थांबला, पण हसू थांबलं नाही.

“या ताई, या! पत्रक पाहिलंत?”

“पाह्यलं. ते नंतरवाली कोन होय?”

“अहो, तुमचीच तर मुलगी!” मॅडम इतक्या सहज बोलल्या की क्षणभर मलाच पटलं. “तुमचाच चेहरा, वीस वर्षांपूर्वीचा. आपण लोकांना फक्त आशा दाखवतो. यात खोटं काय आहे?”

आईने माझा दंड धरून मला पुढे ओढलं. “हे नंतर नाई, मॅडम,” ती म्हणाली. “हे पोरगी अजून सुरूच नाई झाली.”

मग तिने मला सोडलं, बाकावरच्या बायांकडे वळली, डोक्यावरचा पदर मागे घेतला आणि खिडकीच्या उजेडात उभी राहिली. “पाहा. नंतरवाली मी हाय. महिनाभर रोज लावलं, हिच्या हातानं. आग गेली. साल निघाची बंद झाली. चामडी नरम झाली. सुरकुती एक बी गेली नाई. पाहून घ्या जवळून.”

बाया उठल्या आणि खरोखरच जवळून पाहू लागल्या. एकीने तर गालाला बोट लावून पाहिलं. आई न लाजता उभी होती. ज्या चेहऱ्याला कोण पाहतं असं काल ऐकलं, तो आज सहा बाया वाकून वाकून पाहत होत्या.

“पन आग खरंच गेली काय?” एक जाडशी बाई म्हणाली. “माह्या गालाची तं थंडीत निरा होळी होते.”

“गेली ना. पन बाटली कायले पाह्यजे त्याच्यासाठी? जवस उकळाचं, गरम असतानीच गाळाचं. कोरफडीचं पिवळं पानी आधी वाहू द्याचं, नाही तं खाजवते, मग गर काढाचा. दोनी घोटाचं आन् लावाचं. रोज ताजं कराचं.”

इतक्या दिवसांत प्रथमच मॅडमच्या कपाळावर एक ठळक आठी उमटली. पण त्या धंद्यातल्या होत्या. “पाहिलंत?” त्या बाकाकडे पाहून म्हणाल्या, “ताई स्वतः सांगताहेत, आग गेली!” आणि आमच्या डोळ्यांदेखत त्या जाडशा बाईने एक बाटली घेतली. आईने तिच्याकडे पाहिलं तेव्हा ती ओशाळून म्हणाली, “तुहं खरं हाय बाई, पन बाटलीतलं येगळंच वाटते.” तिच्यामागून आणखी तिघींनी घेतल्या. मी पुढे तीस वर्षं शाळेत शिकवलं. खरं सांगितलं की लोकांना पटतं, हे मी मुलांना कधी सांगितलं नाही.

उरलेली पत्रकं मात्र आईने सोडली नाहीत. कोपऱ्यातला गठ्ठा तिने न विचारता उचलला आणि त्या पोत्यात भरला. मॅडम ‘अहो, अहो’ करत जिन्यापर्यंत आल्या. जिना अरुंद होता आणि आई पोतं घेऊन मध्ये होती.

परतीच्या बसमध्ये पोतं आमच्या पायांशी होतं. गाव मागे पडल्यावर तिने विचारलं, “तुले बरं वाटलं होतं ना फोटो पाहून?”

“नाही,” मी म्हणाले.

“खोटं नको बोलू. कापला ना तू.”

मी खिडकीबाहेर पाहू लागले. कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या मागे पळत होत्या आणि मला उतरून त्यांच्यात लपावंसं वाटत होतं.

“मले बी बरं वाटलं,” आई म्हणाली. “माही पोरगी छापून आली म्हनून. त्याचा राग नाई.” तिने पायाने पोतं आत सारलं. मग म्हणाली, “मी तुह्याएवढी होती तवाचा माहा एक बी फोटो नाई. त्या कागदात तुले पाह्यलं आन् वाटलं, मॅडम खरं तं नसन बोलत? अशीच दिसत असन काय मी? कोनाले विचारू? तुह्या बाबाले याद नसन.”

“तू माझ्यापेक्षा चांगली दिसत असशील,” मी म्हणाले. मला तेवढंच सुचलं. तिने माझ्या डोक्यावर टपली मारली, पण हात लगेच काढला नाही. तिचा तळवा उन्हाने आणि विळ्याने घट्टे पडलेला होता. नितळधारेने त्याला कधी हात लावला नव्हता.

घरी बाबा वाटच पाहत होते. “झाला काय तमाशा करून?” त्यांनी विचारलं.

“झाला,” आई म्हणाली आणि पोतं न्हाणीघराच्या चुलीजवळ ठेवलं. पुढे महिनाभर बाबांच्या आंघोळीचं पाणी आम्हा दोघींच्या फोटोंवर तापलं. “आता तोडा सुरू होईन,” ती पुढे म्हणाली. “ येत्या रविवारपासून बगीच्यात तुमी जा. मले चार रविवार सावलीत बसाचं हाय.”

बाबा हसले. मांडवात हसले होते तसेच. या वेळी मात्र आई चहा ठेवून आत गेली नाही. ती तिथेच उभी राहिली, त्यांचं हसू संपेपर्यंत. ते बऱ्याच वेळाने संपलं.

पहिल्या रविवारी बाबा टोपी, रुमाल, काळी छत्री आणि थर्मास घेऊन निघाले आणि दुपारीच परत आले, कारण बायांनी त्यांना मोठं फळ कोणतं आणि बारीक कोणतं ते तीनदा विचारलं होतं. दुसऱ्या रविवारी संध्याकाळपर्यंत टिकले. त्यांच्या नाकाची साल निघाली आणि ते आरशापुढे नेहमीपेक्षा दुप्पट वेळ उभे राहिले. आईने वाटीत जवसाचं पाणी आणून दिलं. त्यांनी ते लावून घेतलं. तिसऱ्या रविवारी त्यांना ताप असल्याचं त्यांनी स्वतःच जाहीर केलं.

संत्री कोणाच्या तापासाठी झाडावर थांबत नाहीत. आईने भाकरी बांधल्या, कोपऱ्यातली बाबांची काळी छत्री उचलली आणि बसला गेली. ती छत्री त्यांना पुन्हा कधी मिळाली नाही.